पाय बाहेर, हात आत

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज धाकटीचा हात मोडला. धाकटी म्हणजे माझी जाऊ. उजवा हात, मनगटापाशी. माझा उजवा हात मात्र ठणठणीत आहे, त्यानेच हे लिहिते आहे.

बाथरूममध्ये बादली पालथी घालून बसले आहे. भरल्या घरात कडी लावता येईल अशी ही एकच जागा. बाहेर सासूबाई जमेल त्याला फोन करून बातमी देत आहेत.

जे झालं ते लिहून मोकळी होते. आमच्या कारखान्यात डॉक्टरांचे कोट आणि शाळांचे गणवेश शिवतात. मी तिथे सुपरवायझर आहे, धाकटी माझ्याच लाइनमध्ये कॉलरवर बसते. तीन वाजता चहाची सुट्टी होते. आमच्यात एक जुना खेळ आहे. चहाच्या खोलीत जी शेवटी पोचेल तिने सगळ्यांचे कप विसळायचे. आधी पोचलेल्या बायका आतून दार दाबून धरतात, मागच्या बाहेरून ढकलतात, आणि मग शेवटची कोण यावरून हमरीतुमरी. साहेबांनी हा पोरखेळ बंद करा म्हणून बजावलं होतं. बंद करायचं काम सुपरवायझरचं, म्हणजे माझं. मी ते हसण्यावारी नेलं.

धाकटीवर कप विसळायची पाळी कधीच येत नाही. बेल झाली की मशीनवरून उठून ती खोलीत कधी पोचते ते कळतही नाही. आज मी तिच्याआधी पळाले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आज हिला कपवाली करतेच. तिने बाहेरून ढकललं, मी रेटून धरलं. तिने पुन्हा सगळा जोर लावला. मला हसू आवरेना, आणि मी टुणकन बाजूला झाले. दार उघडलं आणि ती तोंडघशी आत आली. हात अंगाखाली गेला. जो आवाज झाला तो मला लिहायचा नाही.

साहेब धावत आले. मी तोंड उघडायच्या आत बटणवाली म्हणाली, "आत आली आणि पाय घसरला, साहेब. फरशी ओली होती." बटणवाली माझी जुनी मैत्रीण, गुंड्या-बटणं लावते. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिने माझ्या कानात सांगितलं, "मस्करीत लागलं असं कळलं तर विमावाले दमडी देणार नाहीत. हो म्हण." मी हो म्हटलं. नंतर साहेबांनी तसंच लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

विम्यासाठीच हो म्हटलं. शपथेवर सांगते, विम्यासाठीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, साध्या कामाला एवढं पुरेल, पण यांचं काम शिवणाचं आहे, मनगट पूर्ण वळायला हवं. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवलेली बरी, आणि ती लवकर, हाड वेडंवाकडं जुळायच्या आत. भाऊजी, म्हणजे माझा दीर, लगेच म्हणाले, "करून टाका डॉक्टर, कारखान्याचा विमा आहे." कामावर लागलं तर ऑपरेशनचा खर्च आणि घरी बसल्या दिवसांचा पगार विमा देतो. मला एकदम हायसं वाटलं.

घरी आल्यावर धाकटीची वेणी घातली. तिचे केस माझ्यापेक्षा दुप्पट आहेत, हेही एक आहेच. वेणी घालता घालता तिने विचारलं, "ताई, तुमची पाठ दुखतेय का?"

"माझी कशाला दुखेल?"

"काही नाही, सहज विचारलं."

हात हिचा मोडला आणि चौकशी माझ्या पाठीची. काय विचित्र पोरगी आहे!

शनिवार, ८ फेब्रुवारी

धाकटीचं सगळं मी करते आहे. तिच्या वाटणीची भांडी, तिचे कपडे, तिचा घास कालवून देणं. तिचा चहासुद्धा बशीत ओतून फुंकर मारून दिला. सासूबाई म्हणाल्या, "थोरलीला झालंय तरी काय? प्रेम नुसतं उतू चाललंय." मी म्हटलं, "तुम्ही पडून बघा, तुमचंही करीन." सगळे हसले. धाकटी हसली नाही, तिचा हात दुखत असणार.

आणखी एक लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच भलता अर्थ लावीन. पडायच्या आदल्या दिवशी माल घेणारे लोक कारखान्यात आले होते. साहेबांनी धाकटीची कॉलर त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलर कशी असावी ते हिच्याकडून शिकून घ्या." मी शेजारीच उभी होते. हिला कारखान्यात आणली मी. बॉबिन भरायला शिकवली मी. पहिल्या महिन्यात हिने उलट्या लावलेल्या कॉलरी साहेबांच्या नजरेआड उसवल्या त्याही मी. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला, आणि त्या दिवशी जेवले नाही ते डोकं दुखत होतं म्हणून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

विमा कंपनीच्या बाई चौकशीला आल्या. चष्मा, कापडी पिशवी, हसणं शून्य. मला वाटलं फरशी बघतील आणि जातील. त्यांनी उंबरठाच धरून ठेवला.

त्यांचा नियम असा. मशीनपासून चहाच्या खोलीपर्यंत जायचा-यायचा रस्ता विम्यात येतो, कारण माणूस कामावर आहे म्हणून त्या रस्त्याने जातो. एकदा खोलीत शिरलं की खाणं-पिणं ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट. घरी चहा पिताना पडलात तर आम्ही देतो का, असं त्यांनीच मला विचारलं. म्हणजे उंबरठ्याच्या बाहेर पडलं तर कामावर, आत पडलं तर स्वतःच्या जबाबदारीवर. आम्ही एवढी वर्षं तो उंबरठा ओलांडतो आहोत, कुणाला पत्ता नव्हता.

"पडल्यावर त्यांचे पाय कुठे होते?" बाईंनी विचारलं.

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. इस्त्रीवाले काका म्हणाले, "मॅडम, पाय बाहेर होते, हात आत होता. आणि मोडलाय हात. पायांचा विमा देऊन उपयोग काय?" बाईंनी काकांकडे नुसतं पाहिलं. काका इस्त्रीकडे परत गेले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लिहून दिलंय की त्या आत आल्या आणि मग घसरल्या. असंच झालं?"

"हो."

"दाराचा काही प्रश्न?"

"दार जरा जड आहे," मी म्हटलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. नंतर त्या घरी जाऊन धाकटीलाही एकटीला भेटल्या. ती काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नामंजूर. चहाच्या खोलीच्या आत, सुट्टीत, स्वतःच्या खाजगी वेळेत झालेला अपघात.

भाऊजी कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. "दोन पावलं अलीकडे पडली असती तर चाललं असतं? माणूस काय जागा बघून पडतो?" धाकटी म्हणाली, "पुढच्या वेळी विचारून पडेन." कुणाला हसावं की नाही ते कळेना.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आम्ही तिला आत घसरवली ती विमा मिळावा म्हणून, आणि आत घसरवली म्हणूनच विमा गेला. पण आता खरं सांगूनही काय होणार? खरं म्हणजे मस्करी, आणि मस्करीला विमा नाहीच. बटणवालीही तेच म्हणाली. म्हणजे मी बोलले तर माझी नोकरी जाईल आणि धाकटीला काही मिळायचं नाही ते नाहीच. तेव्हा गप्प बसण्यात तिचंही भलं आहे. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघते आहे, कुठे चूक सापडत नाही.

ऑपरेशन सध्या नको असं भाऊजी आणि आमचे हे दोघांनी मिळून ठरवलं. प्लास्टरवर निभेल तेवढं निभवायचं.

रविवार, २३ फेब्रुवारी

यांनी माझ्यासाठी पोट साफ होण्याचं चूर्ण आणलं. "अगं, तासन्‌तास आत बसतेस. संकोच कसला, घेत जा रोज." मी निमूट घेतलं. मग म्हणाले, "आई मघाशी दार वाजवायला निघाली होती. धाकटीने थांबवलं. म्हणाली, राहू दे, ताईंना तिथे तरी रडू दे."

मी कुठे रडते? नळ गळतो त्याचा आवाज येतो. प्लंबरला बोलवायला हवं.

दुपारी धाकटी डाव्या हाताने कात्री धरून जुनी वर्तमानपत्रं कापत बसली होती. रेघ सरळ येत नव्हती. तिने मला बघितलं आणि कागद गोळा करून ठेवून दिले. मी म्हटलं, "येईल हळूहळू." ती म्हणाली, "ताई, तुम्ही माझं इतकं करू नका हो. मला हे नकोय." मी आणखी दोन उशा आणून तिच्या हाताखाली दिल्या.

मंगळवार, ४ मार्च

विम्याच्या कचेरीत गेले होते. सहज. साहेबांना सांगितलं दाताचं काम आहे.

बाई एका कपाटाशेजारी बसतात, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा होता. मी म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीच्या कारखान्यातली गोष्ट आहे. समजा, एखादीला कुणी मस्करीत पाडलं, तर विमा जातोच ना?"

"पडलेली बाई मस्करीत सामील होती का?"

"नाही. ती आपली चहाला चालली होती."

"मग तिचा विमा कशाला जाईल?" बाई म्हणाल्या. "मस्करी करणाऱ्याने स्वतःला लावून घेतलं तर गोष्ट वेगळी. ही तर रस्त्यात होती. समजा कुणी आतून दार धरलं असेल, तर ती आत पोचलीच नव्हती. बाहेरून ढकलतानाच अपघात सुरू झाला. असं असेल तर मी मंजुरीची शिफारस करीन."

दाराचं नाव मी काढलंच नव्हतं, ते त्यांनी काढलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या जाऊबाईंना मी हेच विचारलं होतं. दोनदा. दार कुणी धरलं होतं का? त्या म्हणाल्या, मला दिसलं नाही."

मी म्हटलं, "मैत्रिणीला विचारून सांगते." आणि उठून आले.

उठून आले. असं कसं केलं मी?

शुक्रवार, ७ मार्च

आज सांगणार होते. पण शाळांच्या गणवेशांची घाई आहे, आणि माझ्याशिवाय लाइन कोण बघणार? साहेबांनी मला काढलं तर माल अडकेल, सगळ्यांचंच नुकसान. सोमवारी नक्की सांगते.

सोमवार, १० मार्च

साहेब रजेवर होते.

विम्याच्या बाई रजेवर नव्हत्या. हे मला कळतं. मी अगदीच मूर्ख नाही.

मंगळवार, ११ मार्च

प्लास्टर काढलं. मनगट बाहेर आलं ते एका अंगाला वाकून. धाकटीने पंजा उताणा करून बघितला, अर्ध्यावर अडला. डॉक्टरांनी तो हलकेच धरून आणखी वळवायचा प्रयत्न केला तेव्हा ती ओरडली नाही, तिने माझा दंड धरला आणि नखं रुतवली. डॉक्टर म्हणाले, "हाड वाकडं धरलंय. आता पुन्हा सोडवून पट्टी बसवावी लागेल. गेल्या महिन्यात आला असतात तर गोष्ट सोपी होती. गेला आठवडासुद्धा चालला असता."

गेल्या आठवड्यात मी कचेरीत होते. मला कळलं होतं आणि मी उठून आले होते. आता बटणवालीवर ढकलायला काही उरलं नाही, विम्याच्या नियमावरही नाही. माझी खुर्ची जाईल म्हणून मी माझ्या जावेचा हात वाकडा होऊ दिला. आणि दार धरलं तेही नुसत्या गमतीत धरलं नव्हतं. ती आपटावी असं वाटलं नव्हतं, पण ती अडावी असं फार मनापासून वाटलं होतं.

दवाखान्यातून धाकटीला आणि भाऊजींना रिक्षात बसवलं आणि मी तशीच कचेरीत गेले. बाईंना म्हटलं, "दार मी धरलं होतं." त्यांनी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही, कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांगा. सावकाश." सांगताना माझा आवाज इतका लहान येत होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं. तिथून कारखान्यात जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही?" आणि माझ्या सहीचा तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ मार्च

काल घरी सांगायचं धाडस झालं नाही. आज सकाळी स्वयंपाकघरात धाकटी एकटी होती, डाव्या हाताने पीठ चाळत होती. मी म्हटलं, "दार मी धरलं होतं."

चाळण थांबली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पडले तेव्हापासून. दाराला काच आहे, ताई. तुमचा अंबाडा दिसत होता."

"मग बोलली का नाहीस? बाईंनी विचारलं होतं तुला!"

"मी काय बोलू? जावेने पाडलं म्हणून सांगू? याच घरात राहायचंय मला." तिने चाळण खाली ठेवली. "तुम्ही रोज समोर बसून घास कालवत होता. मला वाटायचं, आज सांगतील. वेणी घालताना वाटायचं, आता सांगतील. आधी तुमची कीव आली. मग राग आला. आता नुसता हात दुखतो."

मी तिच्या पाया पडायला वाकले. ती मागे सरली. "ते नका करू. मग मला माफ करावं लागेल, आणि ते मला आत्ता जमणार नाही."

भाऊजींनी ऐकलं. ते माझ्याशी बोलले नाहीत. आमचे हे बोलले, ते लिहीत नाही. सासूबाई आधी मला बोलल्या, मग धाकटीला, तू का लपवलंस म्हणून, मग दोन्ही मुलांना, आणि शेवटी रडायला लागल्या.

सोमवार, ३१ मार्च

विमा मंजूर झाला, मागच्या पगारासकट. ऑपरेशन झालं. पट्टी बसली. हात रोजच्या कामाला येईल, जड उचलता येईल, लिहिता येईल. मनगट पूर्ण वळणार नाही. कॉलरचं टोक आतून सुईने बाहेर काढायला जो वळसा लागतो, तो या हाताला आता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. विमा उशिरा मिळाला तरी पैसे पूर्ण देतो. हात मात्र उपचार वेळेवरच मागतो.

आज वेणी सासूबाईंनी घातली. धाकटीनेच सांगितलं तसं.

मंगळवार, ६ मे

कारखान्यात काल सगळी उलटापालट झाली. कामावर लागलेल्या माणसाला झेपेल ते काम द्यायला साहेब बांधील आहेत. धाकटीला झेपेल असं एकच काम होतं. तिला सुपरवायझर केलं. मला काढलं नाही, हाताला शिवण येतं म्हणून ठेवलं, आणि कॉलरच्या मशीनवर बसवलं. तिच्याच. तिथून उठावं असं पहिल्या मिनिटालाच वाटलं होतं.

माझी कॉलर वाईट नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या तपासत आले. पण तपासणं वेगळं. आज सकाळपासून धाकटी दर अर्ध्या तासाने येत होती. कोट उजेडात धरायची, डाव्या अंगठ्याने टोक चाचपायची आणि माझ्यापुढे ठेवायची.

"ताई, हे उसवा."

मी उसवलं. पुन्हा शिवलं.

"टोक बोथट आहे. उसवा."

बटणवाली मान खाली घालून खुदखुदली. धाकटीने तिच्याकडे असं पाहिलं की ती बटणंच मोजायला लागली. मला वाटलं, सूड घेते आहे, घेऊ दे. मग तिसऱ्या खेपेला तिने कोट परत दिला तेव्हा मीही उजेडात धरून पाहिला. टोक खरंच बोथट होतं. ती सूड वगैरे काही घेत नव्हती, तिला माझी कॉलर आवडली नव्हती. तिने काय गमावलं ते मला त्या टोकाशी कळलं. डोळ्यांतलं पाणी कोटावर पडू नये म्हणून मी मान वळवली.

तीनची बेल झाली. खुर्च्या सरकल्या, बायका उठल्या, आता कुणी पळत नाही. मी तशीच बसून टाके उसवत राहिले. म्हटलं, सगळ्या येईपर्यंत एवढं नीट करून देईन, निदान एक तरी.

धाकटी माझ्या मशीनपाशी येऊन थांबली. "सुई ठेवा."

"होतच आलंय गं. तू हो पुढे."

"सुट्टी झाली, ताई. सुट्टीत काम करायचं नाही." तिने दिव्याचं बटण बंद केलं. "आत्ता तुम्हाला सुई लागली, तर जे घडलं तेच मी लिहून देईन. एक अक्षर इकडे नाही, तिकडे नाही."

मी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि उठले. ती माझ्यासाठी थांबली नाही.